सुचितामावशीनं पाहिलं ते

सुचिता पाष्टे शाळेच्या गाडीवर मावशी म्हणून लागली, तेव्हा तिला पोरांचा लळा आहे असं तिच्या घरचंही कुणी म्हणालं नसतं. तोंडानं फटकळ, हातानं झपाझप काम उरकणारी बाई. नवरा रघू तळोज्याच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी यायचा. मुलगी आरोही गावच्या शाळेत. भातकापणी आटोपली की उरलेलं वर्ष अंगणात बसून काढणं सुचिताच्या स्वभावात नव्हतं. केतनशेठच्या गाड्या दिघी बंदराकडची पोरं माळावरच्या शाळेत नेत-आणत असत, आणि गाडीवर एक बाई असलीच पाहिजे असा नियम झाला होता. कुणीतरी तिचं नाव सुचवलं आणि ती लागली.

काम तिला सोपं वाटलं. पोरं चढवायची, दार लावायचं, दंगा करणाऱ्याला चार शब्द सुनवायचे, शाळेपाशी सगळ्यांना उतरवायचं. गाडीत उभी असताना तिचं डोकं मात्र दुसरीकडेच असायचं. रघूनं फोन का उचलला नाही, विहिरीवरचा पंप पुन्हा बिघडला तर काय करायचं, आरोहीला गणितात एवढे कमी गुण कसे. पोरं समोर असायची, पण तिला ती दिसायची नाहीत.

गाडी चालवायचा धर्मा. पन्नाशी ओलांडलेला, मिशा पांढऱ्या, बोलणं थोडं. तो पोरांवर कधी खेकसत नसे आणि सुचितालाही काही शिकवायला जात नसे.

पहिल्याच वर्षी, मार्चच्या उन्हात, ती गोष्ट घडली. गाडी शाळेत पोचली तेव्हा सुचिताचं रघूशी फोनवर भांडण चाललं होतं. फोन मानेत दाबून धरून ती पोरांना उतरवत होती. गाडी रिकामी झाली असं समजून तिनं दार ओढलं. धर्मानं गाडी मैदानाच्या कडेला नेऊन लावली, काचा चढवल्या, कुलूप घातलं, आणि दोघं चहाच्या टपरीवर गेले. ऊन चढत गेलं. जेवणाचा डबा गाडीतच राहिला म्हणून धर्मा परत गेला, आणि मागच्या सीटखाली त्याला स्वराज दिसला.

स्वराज बालवर्गातला. झोपेत खाली घसरला होता. धर्माच्या हाकेनं सुचिता धावत आली. त्यानं स्वराजला बाहेर काढलं तेव्हा पोराचा सदरा अंगाला चिकटलेला, तोंड लालबुंद, आणि डोळे उघडे असूनही तो रडत नव्हता. त्याचं ते न रडणं सुचिताच्या मनात कायमचं रुतलं. धर्मानं त्याला झाडाखाली निजवलं, ओल्या पंचानं अंग पुसलं, घोट घोट पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं पोरानं भोकाड पसरलं.

पोर गाडीत जरा रेंगाळलं, एवढंच धर्मानं वर्गातल्या बाईंना सांगितलं. केतनशेठला त्यानं काही कळू दिलं नाही, स्वराजच्या घरीही नाही. सुचिताला तो इतकंच म्हणाला, "पोर जितं हाय. तुजी नोकरी जाऊन कुनाचं भलं व्हनार न्हाय. पन ध्यानात ठेव."

तिनं ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून गाडीत चढताना ती फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकू लागली. प्रत्येक पोराला नावानं हाक मारून वर घ्यायचं, चढताना त्याच्या तोंडाकडे बघायचं. शाळेपाशी सगळे उतरले की शेवटच्या सीटपासून पुढं येत एकेका सीटवरून आणि खालून हात फिरवायचा. जिथं हात, तिथं लक्ष, असं तिनं स्वतःलाच बजावलं होतं.

हे लिहायला सोपं आहे. मन पळायचंच. रघूकडे पळायचं, घराच्या गळक्या कौलांकडे पळायचं, आणि सगळ्यात जास्त त्या न रडणाऱ्या तोंडाकडे पळायचं. मग ती हळूच चप्पल काढून तळपाय गाडीच्या पत्र्यावर टेकवायची. इंजिनाची थरथर पायांतून पोटऱ्यांत यायची आणि मन पुन्हा गाडीत यायचं. थोड्या वेळानं परत पळायचं, परत आणायचं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि याला काही नाव असतं हेही तिला ठाऊक नव्हतं.

पुढं काय होईल याचा तिनं विचार केला नव्हता. पोरं हरवू नयेत म्हणून ती बघायला लागली होती, पण रोज बघता बघता तिला ती खरंच दिसायला लागली. एक मुलगी नेहमी डाव्या खिडकीशीच बसायला भांडते ती हट्टी म्हणून नव्हे, तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, चांगला कान पोरांकडं राहावा म्हणून. दोन भाऊ सोमवारी हमखास उपाशी येतात, कारण रविवारी त्यांचा बाप प्यालेला असतो. सगळ्यांना ढकलणाऱ्या एका दांडगट पोराच्या मनगटावर वळ असतात. एकदा हे दिसल्यावर ओरडायला तिची जीभ उचलेना. भावांसाठी ती भाकरी बांधून आणू लागली. दांडगट पोराला दाराजवळ आपल्या शेजारी उभं करून घेऊ लागली आणि त्याच्याकडे दप्तरं वर घ्यायचं काम दिलं. वर्षं गेली. स्वराज तिसरीत गेला. गाडीत चढताना तो तिच्या हातावर टाळी द्यायचा. त्याच्या आईला अजून काही ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी, शाळा सुरू होऊन काही आठवडे झाले असतील, सकाळची खेप भरून चालली होती. रात्रभर पाऊस होऊन सकाळी उघडलं होतं. दाराशी उभ्या सुचिताच्या लक्षात आलं की धर्माचं आज काहीतरी बिनसलंय. तो पुन्हा पुन्हा खिशातला फोन चाचपत होता. त्याच्या मुलीला, रुचिताला, बाळंतपणासाठी पनवेलच्या दवाखान्यात ठेवलं होतं, बायको रंगू तिच्यापाशी होती, आणि रात्रीपासून कळा सुरू होत्या, हे तिला माहीत होतं. म्हणून ती काही बोलली नाही. पुढं कितीतरी दिवस ती त्या न बोलण्याकडे वळून बघत राहिली.

आंबेकोंडच्या वळणाआधी फोन वाजला. गाडी चालवताना धर्मानं इतक्या वर्षांत कधी फोन घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला. "झालं का?" एवढंच तो म्हणाला, आणि सुचितानं बघितलं की त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरतंय. तिनं ओरडायला तोंड उघडलं तोवर गाडी वळणाच्या कडेला गेली होती. डाव्या बाजूला धाडकन काहीतरी आदळलं आणि काचेवर मासळी उडाली.

ठमीमावशी होती. दिघीची म्हातारी, डोक्यावर पाटी घेऊन आजही गावोगाव चालत मासळी विकणारी. रिक्षात बसलं की गिऱ्हाईक मागं राहतं, असं ती म्हणायची. गाडीतली निम्मी पोरं तिला आजी म्हणत. रोज गाडी दिसली की ती कडेला सरून हात वर करायची.

गाडी थांबली. वळणावरच चंदरची चहाची टपरी. तिथली माणसं धावली, पाठोपाठ शेतातली आली. कुणीतरी धर्माच्या बाजूचं दार उघडलं, त्याला गळपट्टीला धरून खाली खेचलं आणि मारायला सुरुवात केली. मागच्या काचेवर दगड बसला, काच फुटली, आणि आत पोरांचा एकच आकांत झाला.

पोरं आत, धर्मा त्या बाजूला, ठमीमावशी या बाजूला. तिन्हीकडे एकदम जाता येत नव्हतं. पत्र्यावर सुचिताचे तळपाय टेकलेले होते. तिनं एक श्वास घेतला, पुरता सोडला, आणि दहावीतल्या मोठ्या मुलीला सांगितलं की सगळ्यांना पुढच्या बाजूला खाली बसव, डोकी सीटखाली, दार आतून लाव, मी हाक मारल्याशिवाय उघडू नको. मग ती उतरली.

धर्माचा ओरडण्याचा आवाज तिला ऐकू येत होता. तिकडं धावावं असं तिला फार वाटलं. पण तिनं बघितलं, ठमीमावशीजवळ कुणीच नव्हतं. सगळा जमाव मारायला गोळा झाला होता आणि जिच्यासाठी मारत होते ती बाई चिखलात एकटी पडली होती. सुचिता तिच्या डोक्याशी बसली. श्वास चालू होता. मांडी भलत्याच कोनात वळली होती, लुगडं रक्तानं भिजत होतं. म्हातारीचे ओठ हलत होते.

मारू नका म्हणून ओरडण्यात अर्थ नव्हता, ते कुणी ऐकलं नसतं. सुचितानं माणसं नावानं हेरायला सुरुवात केली. चंदर हातात चुलीतलं लाकूड घेऊन धावत निघाला होता. "चंदरभाऊ, पाणी पाहिजे. ठमीमावशी जिवंत आहे," ती म्हणाली. चंदर थबकला. हातातल्या लाकडाकडं बघितलं, ते टाकून टपरीकडं पळाला. दुसऱ्याकडं तिनं डोक्याचा पंचा मागितला, रक्त दाबून धरायला. तिसऱ्याला टपरीची फळी काढायला लावली. चौथ्याला सांगितलं, रस्त्यावर उभा राहा आणि येईल ती गाडी थांबव. ज्याला ज्याला काम मिळालं तो तो जमावातून सुटला. शेवटी मारणारे दोघं-तिघंच उरले, आणि आजूबाजूला कुणी नाही असं दिसल्यावर त्यांचेही हात ढिले पडले. धर्मा चाकाला टेकून बसला होता. कपाळातून रक्त वाहत होतं. तो कुणाकडंच बघत नव्हता.

सुचिताला वाटलं, निभावलं. तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला.

परेश होता, ठमीमावशीचा मुलगा. कुणीतरी दिघीला फोन केला होता. त्यानं गाडी चालू असतानाच टाकून दिली, रस्त्याच्या कडेचा मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि थेट धर्माकडं निघाला. कुणी आडवं गेलं नाही. मघाशी मारणारेही मागं सरले. ज्याच्या आईला उडवलंय त्याला कोण अडवणार.

सुचिताला उठता येत नव्हतं, म्हातारीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिनं परेशकडं नीट बघितलं. सदरा उलटा घातलेला, पाय अनवाणी, खालचा ओठ लहान पोरासारखा थरथरत होता. माणूस मारायला निघाला होता हे खरं, पण त्याच्या आत पुरता घाबरलेला मुलगा होता, आणि तो तिला दिसला. गाडीत रोज असलेच चेहरे ती बघत आली होती.

"परेश," ती म्हणाली, आवाज न चढवता. "आई तुझं नाव घेतेय. आधी इकडं ये."

ते खरंच होतं. म्हातारीच्या ओठांवर तेच नाव होतं. परेश थांबला. धर्माकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग तो दगडासकट वळला आणि आईपाशी येऊन उभा राहिला.

"मान हलता कामा नये. दोन्ही हात लागतील," सुचिता म्हणाली. "इथं धर."

त्यानं दगड खाली ठेवला. गुडघ्यांवर बसला आणि आईचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. सुचितानं त्याच्या हातांवर आपले हात ठेवले, ते स्थिर होईपर्यंत तसेच राहू दिले. परेश रडायला लागला.

बर्फाचा टेम्पो माणगावकडं चालला होता, तो थांबवला. फळीवर घालून म्हातारीला वर चढवलं. परेश टेम्पोत चढता चढता धर्माकडं वळून म्हणाला, "माज्या आयला काय झालं तर तुला सोडनार न्हाय." टेम्पो गेला.

सुचितानं हाक मारली तेव्हा दहावीतल्या मुलीनं दार उघडलं. आत येऊन तिनं एकेका पोराचं नाव घेत डोक्यावर हात ठेवला. काच कुणाला लागली नव्हती. एका लहानग्यानं विचारलं, ठमीआजी मेली का? ती म्हणाली, नाही, पण तिला फार लागलंय, तिला दवाखान्यात नेलंय. खोटं सांगून त्याला गप्प करावं असं तिला वाटलं नाही.

पोलीस आले, धर्माला घेऊन गेले, संध्याकाळपर्यंत जामिनावर सोडलं. सुचिताला दुसऱ्या दिवशी जबाबाला बोलावलं. दुपारीच केतनशेठचा फोन आला होता. म्हातारी वळणावर अचानक आडवी आली एवढंच सांगायचं, असं त्यानं समजावलं. धक्का बसण्याआधीचं मोठ्या माणसांत दुसऱ्या कुणीच बघितलेलं नव्हतं. बघणारी एकटी सुचिता होती.

दिवेलागणीला धर्मा तिच्या अंगणात आला. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून बंद झालेला. तिनं पाणी दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं. केतनशेठनं काय सांगितलंय ते त्याला माहीत होतं. त्यानं विनवणी केली नाही. फक्त विचारलं, "स्वराजच्या टायमाला मी तोंड उघडलं व्हतं का?"

सुचितानं मान हलवली. नाही, उघडलं नव्हतं. तो पेला ठेवून गेला.

ती चुलीशी बसली. भर जमावात जो श्वास तिला सापडला होता तो आता सापडेना. आरोहीनं मोबाईलवर काहीतरी मोठ्यानं लावलं आणि सुचिता तिच्यावर अशी तुटून पडली की पोरगी भिंतीला चिकटली. अभ्यासापासून सुरुवात करून ती कुठल्या कुठं गेली. आरोही न बोलता आत जाऊन झोपली. सकाळी ज्या बाईनं वीसेक माणसांना ताळ्यावर आणलं, तिला स्वतःच्या मुलीसमोर ताळ्यावर राहता आलं नाही. हे सुचिताला फार लागलं. थोड्या वेळानं ती आत गेली, आरोहीच्या उशाशी बसली, तिच्या केसांतून हात फिरवला. आरोही जागीच होती. "मी तुझ्यावर ओरडले, पण राग तुझा नव्हता," सुचिता म्हणाली. आरोहीनं कूस वळवली नाही, पण आईचा हातही झटकला नाही.

तिथं बसल्या बसल्या सुचिताला कळून चुकलं की आपल्याला धर्माचा राग नाही आलेला, भीती वाटतेय. त्यानं तिचं गुपित धरून ठेवलं होतं, आणि त्या गुपितानंच ती आता बांधली गेली होती. ते सुटल्याशिवाय तिला खरं बोलता येणार नव्हतं.

सकाळी ती आधी स्वराजच्या घरी गेली. त्याची आई अंगणात भांडी घासत होती. सुचितानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोन, भांडण, बंद काचा, सीटखाली घसरलेलं पोर, आणि एवढी वर्षं गप्प राहणं. स्वराजच्या आईनं हात धुतले. घरात गेली, स्वराजला दारातून आत ओढून घेतलं आणि दार लावलं. सुचिता बंद दारासमोर थोडा वेळ उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं तिला वाटून गेलं.

तिथून ती धर्माच्या घरी गेली. रंगू अजून पनवेललाच होती. धर्मा पडवीत एकटाच बसला होता, चूल पेटलेली नव्हती. त्यानं तिला बस म्हटलं नाही. ती पायरीवर बसली. काय बोलायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं, पण त्याचा तो सुजलेला चेहरा बघून तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"धर्मादादा, रुचिताला मुलगी झाली की मुलगा?"

धर्मानं तिच्याकडं बघितलं. "मुलगी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "कुनी इचारलंच न्हाय. आनि मी तरी कुन्या तोंडानं सांगू. त्याच फोनापायी..." तो पंचात तोंड लपवून रडला. सुचिता बसून राहिली. बाळ बरं आहे ना, रुचिता बरी आहे ना, एवढं तिनं विचारलं. त्यानं होकारार्थी मान हलवली.

मग ती म्हणाली, "मी स्वराजच्या आईला सगळं सांगून आलेय. तुम्ही माझ्यासाठी जे ओझं घेतलं होतं ते आता तुमच्यावर नाही. आणि आज मी जे दिसलं ते सांगणार आहे. फोनही सांगणार, आणि तो कसला होता तेही."

"माजं लायसन जाईल."

"जाईल कदाचित."

"तुला काय गावनार त्यातनं?"

सुचिता म्हणाली, "ठमीमावशी जगली तर जन्मभर ऐकेल की चूक तिचीच. रोज कडेला सरून उभी राहायची ती. परेश तर खोटं कळल्यावर पुन्हा दगड उचलेल. आणि तुम्हाला नातीकडं बघताना हेच आठवत राहील. तुम्ही माझ्याआधी सांगितलंत तर ते तुमचं राहील, दादा. माझ्या तोंडून गेलं तर चहाडी होईल."

धर्मा म्हणाला, "जा तू." ती उठली.

पोलीस ठाण्यात तिनं जबाब दिला, एकही शब्द मागं घेतला नाही. बाहेर आली तेव्हा बाकड्यावर धर्मा बसलेला होता. त्यानं वर बघितलं नाही. तीही थांबली नाही. तो आत गेला आणि तेच सांगून आला, हे तिला चार दिवसांनी चंदरकडून कळलं.

पुढं सगळं गोड झालं असं नाही. धर्माचा परवाना गेला, खटला अजून चालू आहे. केतनशेठनं सुचिताला घरी बसवलं, कारण स्वराजच्या बापानं पालकांच्या बैठकीत ती जुनी गोष्ट काढली आणि अर्धे पालक भडकले. त्यांचं चुकलं असं सुचितानं कधी म्हटलं नाही. स्वराज बापाच्या मोटरसायकलवरून शाळेत जाऊ लागला. त्याची आई आजही बाजारात समोर आली की मान फिरवते. सुचिता तो तिचा हक्क मानते आणि वाट देते.

ठमीमावशी वाचली. मांडीत सळई घातली, काठी आली, पाटी कायमची उतरली. घरी बसवलेली सुचिता दर आठवड्याला दिघीला जायची, म्हातारीला न्हाऊ घालायची, वाळवलेल्या सुकटीत हात घालून ती निवडायला मदत करायची. पहिल्या काही वेळा परेश तिच्याशी बोलला नाही. नंतर चहा ठेवू लागला.

धर्मा आता दिघीच्या धक्क्यावर होता. आगरदांड्याहून येणाऱ्या बोटीचे दोर बांधण्याचं काम मिळालं होतं. ठमीमावशीचं घर शंभर पावलांवर, पण त्याची हिंमत होत नव्हती. पाऊस संपता संपता एकदा सुचिता म्हातारीच्या केसांना तेल लावत होती, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. परेश जाळं विणत होता. त्याचे हात थांबले. सुचितानं तेलाचा हात काढला नाही. परेश उठला, धर्माकडं न बघता मागच्या दारानं बाहेर पडला आणि धर्मा जाईपर्यंत परतला नाही. त्या दिवशी त्याच्याच्यानं तेवढंच झालं. पण ते थोडं नव्हतं.

ठमीमावशीनं धर्माला बसायला सांगितलं. तो बसला. माफी मागायला आला होता, पण शब्द जुळेनात. म्हातारी त्याची धडपड बघत राहिली. शेवटी म्हणाली, "माजा पाय दुकतो. दुकतो तवा तुजी याद येते, खोटं कशाला बोलू. पन तू आलास ते बरं केलंस." यापलीकडं ती काही बोलली नाही. सुचिताला वाटलं, इतकं सरळ बोलणं आपण क्वचितच ऐकलंय.

दिवाळीनंतर केतनशेठनं सुचिताला परत बोलावलं. मधल्या काळात दोन बाया येऊन गेल्या होत्या, पोरं त्यांना जुमानत नव्हती. काही पालकांनी तिच्यासाठी शब्द टाकला, काहींनी अजूनही नाक मुरडलं. नवा चालक दीपेश, तरुण आणि घाईचा. सुचितानं पहिल्याच दिवशी त्याच्याकडून फोन मागून घेतला आणि आपल्या फोनाशेजारी पिशवीत टाकला. तो कुरकुरला. तिनं त्याला धर्माची गोष्ट सांगितली नाही, ती त्यानं कधीतरी कुणाकडून ऐकलीच असती. फक्त म्हणाली की पोरं उतरली की परत देईन.

या जूनमध्ये बंदराजवळच्या थांब्यावर एक नवी मुलगी आली. आईच्या साडीला दोन्ही मुठींनी धरून ती अशी रडत होती की श्वास कोंडत होता. सुचितानं तिला उचलायला हात पुढं केला तर पोरीनं कडकडून चावा घेतला. आई ओशाळली, पोरीला फटका मारायला हात उगारला. मागून दीपेश हॉर्न वाजवत होता, उशीर झाला होता, गाडीतली पोरं खिडकीतून हसत होती. सुचिताच्याही अंगातून सणक गेली. हात ठणकत होता. तिनं आईचा उगारलेला हात हलकेच खाली घेतला आणि दीपेशला थांब म्हणून खुणावलं. मग ती गाडीच्या खालच्या पायरीवर, पोरीच्या उंचीला येईल अशी बसली, आणि तिनं तिला नाव विचारलं.